जित्याची खोड : गुन्ह्याची जीवशास्त्रीय उपपत्ती, मृत्युदंड आणि विमुक्तांची मराठी आत्मकथने

१

दक्षिण दिल्लीतील मुनिरका हे मूळचे खेडे कधीच शहराच्या पोटात गेले आहे. त्याच्या एका अंगास जवाहरलाल नेहरू विद्यापीठाचा परिसर आहे, तर दुसऱ्या अंगास आऊटर रिंग रोडची अखंड वाहतूक. १६ डिसेंबर २०१२ च्या रात्री येथील बसथांब्यावर एक तरुणी आणि तिचा मित्र एका खासगी बसमध्ये चढले. बसमध्ये त्या तरुणीवर झालेल्या अत्याचाराने सारा देश हादरला. २९ डिसेंबर रोजी सिंगापूर येथे तिचा मृत्यू झाला. सहा आरोपींपैकी एकाचा खटला चालू असताना तुरुंगात मृत्यू झाला आणि एक अल्पवयीन ठरला. उरलेल्या चौघांना सर्वोच्च न्यायालयाने ५ मे २०१७ रोजी मृत्युदंड कायम केला व २० मार्च २०२० रोजी तिहार तुरुंगात त्यांना फाशी देण्यात आली.

या घटनेनंतर वृत्तपत्रांतून आणि सभांतून जी भाषा वापरली गेली, ती अभ्यासकाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. ‘नराधम’, ‘पशू’, ‘राक्षस’, ‘विकृत’ हे शब्द त्या दिवसांत मराठी वृत्तपत्रांतूनही सर्रास आढळतात. संतापाचे उद्गार म्हणून ते स्वाभाविक होत. तथापि संतापाचा उद्गार जेव्हा गुन्ह्याचे कारण म्हणून पुढे केला जातो, तेव्हा त्याची उपपत्ती बनते. अमुक माणसाने पशूसारखे कृत्य केले, या विधानात कृत्याचा निषेध आहे. तो मुळातच पशू आहे, या विधानात मात्र त्याच्या घडणीविषयी एक सिद्धान्त आहे, आणि त्या सिद्धान्ताच्या पोटात शिक्षाही ठरून गेलेली आहे.

मराठीत हा सिद्धान्त आणि ही शिक्षा एकाच म्हणीत सामावली आहे : ‘जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही.’ म्हणीचा पूर्वार्ध माणसाच्या स्वभावाविषयी बोलतो, तर उत्तरार्ध त्यावरचा उपाय सांगतो. गुन्हा हा देहाचा धर्म आहे, हे एकदा मानले की तो देह नाहीसा करणे हाच उपाय उरतो. या दोन पायऱ्यांमधला संबंध इतिहासात कसा जुळला, भारतीय कायद्यात तो कोणत्या वाटेने शिरला आणि मराठी साहित्याने त्यास कोणते उत्तर दिले, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

२

गुन्हेगार जन्मावा लागतो, या कल्पनेस शास्त्राचे रूप देण्याचे श्रेय इटलीचा वैद्य चेझारे लोम्ब्रोसो याच्याकडे जाते. व्हिलेला नावाच्या एका दरोडेखोराच्या कवटीच्या मागील भागात त्याला एक खळगा आढळला. त्यावरून रानटी पूर्वजांची लक्षणे काही माणसांत पुन्हा प्रकट होतात, असा निष्कर्ष त्याने काढला. १८७६ मध्ये त्याचा गुन्हेगार मानवाविषयीचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. जबड्याची ठेवण, कानांचा आकार, हातांची लांबी यांवरून गुन्हेगार ओळखता येतो, असा त्याचा दावा होता. ‘जन्मजात गुन्हेगार’ ही संज्ञा त्याचा सहकारी एन्रिको फेरी याने रूढ केली.

या संप्रदायात मृत्युदंडाविषयी मतैक्य नव्हते, ही गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. कोणत्याही उपायाने न सुधारणाऱ्या जन्मजात गुन्हेगारास ठार करणे लोम्ब्रोसोला मान्य होते. राफाएले गारोफालो याने १८८५ च्या आपल्या ग्रंथात त्यापुढची पायरी गाठली. निसर्ग जसा परिस्थितीस अयोग्य अशा जीवांस वगळतो, तसेच समाजानेही वागावे, हे त्याचे तत्त्व होते. फेरीने मात्र मृत्युदंडास विरोध केला. तो परिणामकारक ठरावयाचा तर फार मोठ्या संख्येने माणसे मारावी लागतील, असे त्याचे म्हणणे. हा संप्रदाय ऐन भरात असतानाच, १८८९ च्या दंडसंहितेने, इटलीने मृत्युदंड रद्द केला आणि फॅसिस्ट राजवटीने तो १९२६ मध्ये परत आणला. शास्त्र तेवढ्यानेच फाशीचा खांब उभा करीत नाही. त्यास राज्यसत्तेची गरज लागते.

लोम्ब्रोसोची मोजमापे लवकरच निकालात निघाली. इंग्लंडमधील चार्ल्स गोरिंग याने सुमारे तीन हजार कैद्यांची मोजमापे घेऊन १९१३ मध्ये दाखवून दिले की, गुन्हेगाराचा म्हणून काही निराळा शारीरिक साचा सापडत नाही. कल्पना मात्र संपली नाही. तिने केवळ जागा बदलली. १९६५ मध्ये स्कॉटलंडमधील एका सुरक्षित रुग्णालयातील पाहणीनंतर एक जादा ‘वाय’ गुणसूत्र असलेले पुरुष हिंसक असतात, अशी समजूत पसरली. पुढे १९७६ मधील डेन्मार्कच्या विस्तृत अभ्यासाने ती खोडून काढली. १९९३ मध्ये एका डच कुटुंबातील आक्रमक वर्तनाचा संबंध मेंदूतील रसायनांचे नियमन करणाऱ्या एका जनुकाशी जोडण्यात आला. २००२ मध्ये न्यूझीलंडमधील दीर्घकालीन अभ्यासातून असे दिसले की, त्याच जनुकाच्या एका प्रकाराचा प्रभाव ज्यांचे बालपण छळात गेले अशांमध्येच ठळकपणे जाणवतो. याचा अर्थ, जनुकाचा शोध घेता घेता संशोधन पुन्हा घर, बालपण आणि मारहाण यांच्यापाशी येऊन पोचले.

न्यायालयात या शास्त्राचे शस्त्र दुधारी ठरते. अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात मृत्युदंड झालेल्या एका कैद्याच्या वकिलांनी १९९० च्या दशकात त्याच्या जनुकाची तपासणी मागितली. न्यायालयाने ती नाकारली व २००५ मध्ये त्यास ठार करण्यात आले. टेनेसी राज्यात २००९ मध्ये तशाच पुराव्याच्या आधारे वकिलांनी आरोपीची बाजू मांडली आणि त्याची मृत्युदंडातून सुटका झाली. तोच पुरावा एका मुखाने ‘याचा दोष कमी आहे’ असे सांगतो आणि दुसऱ्या मुखाने ‘हा पुन्हा तेच करील’ असेही सांगतो. मुंबईतील रामन राघव खटल्यात १९६९ मध्ये दिलेला मृत्युदंड १९८७ मध्ये उच्च न्यायालयाने जन्मठेपेत बदलला. त्याचा मनोविकार बरा होणारा नाही, असे वैद्यकांचे मत पडले होते. येथे न सुधारणारी प्रकृती हेच जीव वाचविण्याचे कारण ठरले. गारोफालोच्या हाती हेच कारण जीव घेण्यास पुरेसे होते.

या दुधारीपणाच्या मुळाशी एक तर्कदोष आहे. मृत्युदंडाचे समर्थन दोन वेगळ्या पायांवर करता येते. पहिला पाया दोषाचा : ज्याने जाणूनबुजून भयंकर कृत्य केले, त्याने त्याचे फळ भोगावे. हा विचार मान्य असो वा नसो, तो माणसास निवडीचे स्वातंत्र्य देतो. दुसरा पाया धोक्याचा : हा असाच जन्मला आहे, असाच राहणार, म्हणून त्यास दूर करावे. हा विचार निवडीचे स्वातंत्र्य नाकारतो. मग त्यास शिक्षा हे नाव देता येत नाही, ते केवळ निर्मूलन होय. जो जन्मतःच तसा आहे तो दोषी ठरत नाही, आणि जो दोषी आहे तो जन्मतःच तसा असू शकत नाही. सार्वजनिक भाषेत मात्र ही दोन्ही कारणे एका श्वासात उच्चारली जातात आणि परस्परांस छेद देणारी असूनही परस्परांचे बळ वाढवितात.

३

भारतात या कल्पनेचा प्रवास निराळ्या मार्गाने झाला. गुन्हेगार जमातींचा कायदा १२ ऑक्टोबर १८७१ रोजी मंजूर झाला. म्हणजे लोम्ब्रोसोच्या ग्रंथाच्या पाच वर्षे आधी. सबब हा कायदा युरोपीय गुन्हेशास्त्राचे अनुकरण होता, असे म्हणता येत नाही. येथील प्रशासकांनी कवटी मोजली नाही, जात मोजली. विणकराचा मुलगा विणकर आणि सुताराचा मुलगा सुतार, त्याच न्यायाने चोराचा मुलगा चोर, हा त्यांचा युक्तिवाद होता. जातीने ठरलेल्या धंद्याची कल्पना त्यांनी येथील समाजव्यवस्थेतून उचलली आणि तीस पोलिसांची नोंदवही जोडली. ‘खाण तशी माती’ म्हणणाऱ्या समाजासही ती परकी वाटली नाही.

आरंभी उत्तर हिंदुस्थानापुरता असलेला हा कायदा १९११ च्या दुरुस्तीने मुंबई इलाख्यास लागू झाला. नोंद झालेल्या जमातीच्या माणसास ठरल्या वेळी हजेरी द्यावी लागे आणि परवान्यावाचून गाव सोडता येत नसे. सोलापूर येथे तारेच्या कुंपणाआड वसाहत उभी राहिली. ‘सेटलमेंट’ हे तिचे नाव त्या शहरात अजून रूढ आहे. वसाहतीतील माणसांना गिरण्यांत कामास लावण्यात आले. १८९७ च्या दुरुस्तीने मुलांना आईबापांपासून वेगळे करून सुधारगृहात ठेवण्याची मुभा सरकारला दिली होती. या तरतुदीतच कायद्याची विसंगती उघडी पडते. गुन्हा रक्तात असेल, तर मूल आईपासून तोडून काय साधणार? आणि तोडल्याने साधणार असेल, तर तो रक्तात नाही. स्वतःच्या सिद्धान्तावर प्रशासनाचाही पुरता विश्वास नव्हता. परंतु हजेरीची वही चालू ठेवण्यास तो सिद्धान्त सोयीचा होता.

३१ ऑगस्ट १९५२ रोजी कायदा रद्द होऊन या जमाती ‘विमुक्त’ झाल्या. तथापि सराईत गुन्हेगारांविषयीचे कायदे राज्याराज्यांत आले. मुंबई राज्याचा कायदा १९५९ चा आहे. भाषेने तर विमुक्ती मुळीच मानली नाही. ‘उचल्या’ हे एका जमातीचे नाव, आणि तेच भुरट्या चोराचेही. ‘बेरड’ हे एका जमातीचे नाव, आणि तेच निर्ढावलेल्या माणसाचे विशेषण. फासे लावून शिकार करणाऱ्या पारध्यांच्या नावातील ‘फास’ आणि शिक्षेतील ‘फाशी’ हे शब्द एकाच ‘पाश’ या मुळापासून आले आहेत. शब्दकोशात ज्यांचे नाव दोषाच्या शेजारी छापले जाते, त्यांच्याविषयीचा संशय निराळा शिकवावा लागत नाही.

४

या संशयास मराठी साहित्याने जे उत्तर दिले, त्याचा आरंभ अण्णा भाऊ साठे यांच्या ‘फकिरा’ (१९५९) या कादंबरीपासून धरता येईल. मांग समाजातील हा नायक दुष्काळात भुकेलेल्यांसाठी धान्य लुटतो. हजेरीचा जाच ही त्या कादंबरीतील नुसती पार्श्वभूमी नव्हे. माणसाला बंडाकडे ढकलणारी ती शक्ती आहे. तथापि ‘फकिरा’चे उत्तर वीरकथेचे आहे. सरकार ज्यास गुन्हा म्हणते, त्यास कादंबरी पराक्रम म्हणते. त्यामुळे कृत्याचे मूल्य बदलते, परंतु गुन्हेगार कसा घडतो हा प्रश्न शिल्लक राहतो.

तो प्रश्न आत्मकथनांनी हाती घेतला. लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ १९८० मध्ये प्रसिद्ध झाले. लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ आणि भीमराव गस्ती यांचे ‘बेरड’ ही दोन्ही १९८७ मधील होत. ‘उपरा’ व ‘उचल्या’ यांना साहित्य अकादमीचे पुरस्कार मिळाले. या ग्रंथांची चर्चा बहुधा दुःखाचे दस्तऐवज म्हणून होते. ती चर्चा योग्यच आहे. परंतु त्यांत एक युक्तिवादही आहे आणि तो पुरेसा लक्षात घेतला गेलेला नाही.

‘उचल्या’मध्ये लहान मुलांना चोरीचे शिक्षण दिले जाते. हात कसा चालवावा, माल कसा लपवावा, हे त्यांना शिकविले जाते. एवढेच नव्हे, तर पोलिसांच्या हाती सापडल्यावर तोंड उघडू नये म्हणून त्यांना आधीच मार खाण्याची सवय लावली जाते. या तपशिलाचे तात्पर्य स्पष्ट आहे. जे रक्तात असते ते शिकवावे लागत नाही. ज्या विद्येसाठी गुरू लागतो, सराव लागतो, मार खावा लागतो आणि जीत काही मुले नापासही होतात, ती विद्या वंशपरंपरेने आलेली असली तरी जन्मजात नाही. लेखक स्वतः शाळेत जातो, लातूरच्या सूतगिरणीत काम करतो, चळवळीत पडतो. त्याचे आयुष्य हाच प्रतिपक्षाच्या सिद्धान्तास दिलेला प्रत्यक्ष पुरावा आहे. तरीही काम मागताना, घर शोधताना त्यास त्याचे जमातीचे नाव आडवे येते. शिक्षणाने खोड जाते. नाव मात्र जात नाही.

‘बेरड’ सीमाभागातील, बेळगाव जिल्ह्यातील आहे. उच्च शिक्षण घेऊन परतलेल्या लेखकासमोर आपल्या जमातीच्या निरपराध माणसांची धरपकड आणि छळ उभा राहतो. कुठेही दरोडा पडला की पोलीस आधी बेरडांच्या वस्तीत येतात. गुन्हेगाराचा शोध घेण्याची गरज राहत नाही, कारण उत्तर आधीच ठाऊक असते. ‘उपरा’तील कैकाडी कुटुंबाची भटकंती याच संशयाच्या छायेत चालते. जीवशास्त्रीय उपपत्तीचा व्यवहारातील परिणाम ही आत्मकथने नेमका दाखवितात : ती तपासाचे श्रम वाचविते.

याच्याशेजारी एक निराळ्या प्रकारचे मराठी पुस्तक ठेवून पाहण्यासारखे आहे. पुण्यातील १९७६-७७ च्या जोशी-अभ्यंकर हत्याकांडात चार महाविद्यालयीन तरुणांना मृत्युदंड झाला व २७ नोव्हेंबर १९८३ रोजी येरवडा तुरुंगात त्यांना फाशी देण्यात आली. त्यांपैकी मुनव्वर शाह याने तुरुंगात आपली कहाणी लिहिली. तिला दिलेल्या शीर्षकाचा अर्थ ‘होय, मी गुन्हेगार आहे’ असा आहे. तेथे कर्ता ‘मी’ आहे. ‘उचल्या’, ‘बेरड’ या शीर्षकांत मात्र एक ‘आम्ही’ उभा आहे, आणि तो ‘आम्ही’ लेखकाने निवडलेला नाही; नोंदवहीने त्याच्यावर लादलेला आहे. कबुली देण्यासाठीही आधी माणसास ‘मी’ म्हणण्याचा अधिकार असावा लागतो. जन्मजात गुन्हेगार ठरविलेल्यांना तोच अधिकार नाकारला गेला होता.

५

स्वतंत्र भारताच्या न्यायालयांनी जन्मजात गुन्हेगारीचा सिद्धान्त कधी स्वीकारलेला नाही. १९८० च्या बचनसिंग निकालात सर्वोच्च न्यायालयाने मृत्युदंड घटनाबाह्य ठरविला नाही. परंतु तो विरळातल्या विरळ प्रकरणापुरता मर्यादित केला आणि गुन्ह्याइतकाच गुन्हेगाराचाही विचार झाला पाहिजे, असा दंडक घातला. आरोपी सुधारण्यापलीकडे गेला आहे, हे सरकार पक्षाने पुराव्यानिशी दाखवावे, अशीही त्यातील अपेक्षा होती. हा दंडक मानवी आहे. तथापि जुनी उपपत्ती परत यावयाची ती याच दारातून. ‘याच्या सुधारणेची शक्यता नाही’ हे विधान वर्तमान कृत्याविषयी नसून माणसाच्या उर्वरित आयुष्याविषयी आहे. पुराव्यावाचून केले तर ते ‘जित्याची खोड’ याच म्हणीचे न्यायालयीन भाषांतर होय.

हा धोका काल्पनिक नाही. २००३ मध्ये महाराष्ट्रात एका कुटुंबावर पडलेल्या दरोड्यात खून आणि बलात्कार झाले. या प्रकरणी सहा जणांना पकडण्यात आले. ते भटक्या जमातीतील, अत्यंत गरीब मजूर होते. नाशिकच्या सत्र न्यायालयाने २००६ मध्ये सहाही जणांना मृत्युदंड दिला. २००७ मध्ये उच्च न्यायालयाने तिघांचा मृत्युदंड जन्मठेपेत बदलला. ३० एप्रिल २००९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्या तिघांसह सहाही जणांना पुन्हा मृत्युदंड सुनावला. त्या वेळी आधार घेतला गेला तो १९९६ च्या एका निकालाचा. शिक्षा ठरविताना गुन्हेगाराचे नव्हे तर गुन्ह्याचे स्वरूप पाहावे, असे त्यात म्हटले होते. अवघ्या दोन आठवड्यांनी, महाराष्ट्रातीलच दुसऱ्या एका प्रकरणात, सर्वोच्च न्यायालयाच्या वेगळ्या पीठाने १९९६ चा तो निकाल बचनसिंग निकालाशी विसंगत असल्याचे सांगितले. सहा जणांपैकी एक जण घटनेच्या वेळी अल्पवयीन होता, हेही पुढे उघडकीस आले.

अखेर ५ मार्च २०१९ रोजी तीन न्यायाधीशांच्या पीठाने सहाही जणांना निर्दोष सोडले. हल्ल्यातून वाचलेल्या साक्षीदार स्त्रीने आरंभी पोलिसांकडील छायाचित्रांतून भलतीच चार माणसे ओळखली होती. त्यांचा तपासच झाला नव्हता. न्यायालयाने प्रत्येकी पाच लाख रुपयांची भरपाई देण्याचा आदेश दिला. सुमारे सोळा वर्षे तुरुंगात गेली होती. सहा माणसे सुधारण्यापलीकडची ठरविण्यात आली होती. वस्तुतः सुधारण्याजोगे असे त्यांनी काही केल्याचे सिद्धच झाले नव्हते. ‘बेरड’मध्ये जे वस्तीच्या पातळीवर दिसते, तेच येथे सर्वोच्च पातळीपर्यंत चढत गेले.

मुनिरक्याच्या घटनेनंतरही कायद्याने हाच पेच अनुभवला. न्या. जगदीश शरण वर्मा यांच्या समितीने २३ जानेवारी २०१३ रोजी दिलेल्या अहवालात बलात्कारासाठी मृत्युदंडाची शिफारस केली नाही आणि बालगुन्हेगाराचे वय अठराखाली आणण्यासही नकार दिला. संसदेने दोन्ही बाबतीत निराळा मार्ग धरला. २०१३ च्या दुरुस्तीने बलात्कारात मृत्यू ओढवल्यास मृत्युदंडाची तरतूद आली. २०१५ च्या बालन्याय कायद्याने सोळा ते अठरा वर्षांच्या मुलाची, घोर गुन्ह्याच्या बाबतीत, मानसिक व शारीरिक क्षमता तपासण्याची व्यवस्था केली. अशा तपासणीस अनुभवी तज्ज्ञ लागतात. ते नसतील तर निर्णय पुन्हा मुलाच्या थोराड अंगलटीवरून होण्याची भीती आहे.

या सर्व विवेचनातून मुनिरक्याच्या घटनेतील क्रौर्य उणे होत नाही, किंवा पीडितेच्या बाजूने उठलेला आक्रोश चुकीचा ठरत नाही. दोष सिद्ध झाला तर कठोर शिक्षा व्हावी, याबद्दल दुमत असण्याचे कारण नाही. प्रश्न एवढाच की, ती माणसाला दिलेली शिक्षा असावी. एखाद्या जातीचे वा प्रकृतीचे निर्मूलन असू नये. २०१६ मध्ये दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठाने प्रसिद्ध केलेल्या अहवालात मृत्युदंड झालेल्यांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश कैदी आर्थिकदृष्ट्या दुर्बल असल्याचे आढळले. फाशीच्या दोरास जीवशास्त्र कळत नाही. गरिबी मात्र त्यास अचूक सापडते.

मे २०२२ मध्ये मध्य प्रदेशातील एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने असे ठरविले की, मृत्युदंडाच्या प्रश्नावर आरोपीचे बालपण, कुटुंब, शिक्षण, मानसिक स्थिती आणि तुरुंगातील वर्तन यांची माहिती न्यायालयापुढे आलीच पाहिजे, आणि तीही खटल्याच्या टप्प्यावरच. साहित्याच्या अभ्यासकास या आदेशात एक ओळखीचा वाङ्मयप्रकार दिसेल. न्यायालय जी माहिती मागते तिचे स्वरूप आत्मकथनाचे आहे. माणूस कोणत्या घरात जन्मला, त्यास कोणी शिकविले, कोणी मारले, कोणी शाळेत घातले, हे सांगितल्यावाचून तो सुधारेल की नाही याचा अंदाज करता येत नाही, हे न्यायालयाने २०२२ मध्ये स्पष्ट केले. ‘उपरा’, ‘उचल्या’ आणि ‘बेरड’ यांनी ते १९८० च्या दशकातच मराठी वाचकास दाखवून दिले होते. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी तुरुंग नियमावल्यांतील जातिभेदाच्या आणि विमुक्त जमातींना जन्मजात गुन्हेगार मानणाऱ्या तरतुदी सर्वोच्च न्यायालयाने रद्दबातल ठरविल्या. १८७१ ची नोंदवही तुरुंगाच्या नियमांत त्या दिवसापर्यंत जिवंत होती. भाषेतील तिची पाने अजून फाटावयाची आहेत, आणि ते काम न्यायालयाचे नाही.